हात काय करतो ते बोल

त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी मांडवावर वाळत घातलेली केळी गोळा केली. तिसऱ्या दिवसाची केळी होती. ऊन बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, पाण्यावरून सरकत नारळांच्या बुंध्यांशी आलं की केळी उचलायची, हा आमच्या घरचा कायदा. फिलू उचलून देत होती, मी टोपलीत रचत होतो. खाली केळीची सुकी पानं, वर केळ्यांचा एक थर, त्यावर पुन्हा पानं. मांडवाच्या बांबूला सुतळीनं मोबाइल बांधलेला होता, धड्याचा व्हिडिओ घ्यायला.

"विद्यार्थी," फिलू म्हणाली, "गप्प का? हात काय करतो ते बोल."

एरवी ती मला अहो म्हणायची. बेचाळीस वर्षं अहो. पण मोबाइल चालू झाला की मी विद्यार्थी, आणि विद्यार्थ्याला अरे-तुरे. मला कधी राग आला नाही. उलट आवडायचं.

मी म्हटलं, "मी केळी टोपलीत ठेवतोय. दाबत नाही."

"का दाबत नाहीस?"

"दाबली तर तू ओरडशील."

"ते धड्यात येत नाही. खरं कारण सांग."

"दाबली तर एकमेकांना चिकटतात. सकाळी सोडवताना फाटतात."

"हां."

टोपलीवर गोणपाट टाकलं, टोपली ओटीवर नेऊन ठेवली. मोबाइल बंद करायला ती गेली. चालू मी करायचा, बंद तिनं करायचा, ही वाटणी पहिल्या दिवसापासूनची. मी बंद करायला गेलो की माझा अंगठा सगळ्या पडद्यावर यायचा आणि धड्याचा शेवट काळा व्हायचा. लादी बसवणाऱ्याचा अंगठा आहे, लहान होणार नाही.

"उद्या सकाळचा धडा," ती म्हणाली. "तो झाला की संपलं."

मग आम्ही भात आणि सुक्या बोंबलाचं कालवण खाल्लं. मीठ कमी पडलंय म्हणाली. कमी पडलं नव्हतं. एवढंच. शेवटचं म्हणून काही वेगळं झालं नाही, आणि कोणी झालं असं सांगत असेल तर तो थापा मारतो.

सुकेळी ज्यांना ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. राजेळी जातीचं केळं गवतात दडपून पिकवायचं, सोलायचं, आणि पाच-सहा दिवस उन्हात वाळवायचं. शेवटी मधाच्या रंगाचं होतं, चिवट, गोड, महिनोन्महिने टिकतं. आमच्या नंदाखालला पूर्वी पुष्कळ घरांत करायचे. आता हाताच्या बोटांवर मोजावीत एवढी घरं. ऐकायला सोपं आहे. केळं कधी सोलायचं, कुठलं बाजूला काढायचं, ढग आले तर काय करायचं, हे सगळं मात्र हातात असतं. आणि हात ज्याचा त्याच्याबरोबर जातो.

फिलोमिनाच्या घरात हा हात तिच्या बापाचा होता. तिच्या बापाचा नियम होता, सुकेळी घराबाहेर शिकवायची नाही. मी उमेळ्याचा. आमची वाडी बापाच्या हयातीतच गेली, तिथं आता इमारती आहेत, त्यांतल्या दोन इमारतींच्या लाद्या मीच बसवल्या. लग्न होऊन मी नंदाखालला आलो तो घरजावई म्हणून. घरजावई म्हणजे घरातलाही आणि बाहेरचाही. मांडव मी बांधायचा, घड मी उतरवायचे, टोपल्या मी वाहायच्या. केळी सोलायची वेळ आली की सासरा म्हणायचा, इनास, जरा विहिरीवरून पाणी आण. पाणी घरात भरलेलं असायचं. मी तरी आणायचो. सासरा वारला तरी ती सवय मोडली नाही. फिलू सोलायला बसली की मी आपोआप विहिरीवर जायचो. माणूस गाढव असतो ते असं.

शिक्षण विचाराल तर माझी चौथी. तीही पूर्ण नाही. उमेळ्याच्या शाळेत गुरुजींनी मला पाढ्यांवरून भिंतीकडे तोंड करून उभं केलं, आणि एक दिवस मी भिंतीकडे बघायच्या ऐवजी दरवाज्याकडे बघितलं आणि निघालो. फिलू मॅट्रिकपर्यंत गेलेली, इंग्रजीत नापास. ती हे कोणालाही सांगायची, न विचारता. देवळात, म्हणजे चर्चमध्ये, रविवारी मुलांना धर्मशिक्षण द्यायची, तीस वर्षं दिलं. मुलानं धडाधड आज्ञा म्हणून दाखवल्या की ती विचारायची, "पाठ झालं. आलं का?" मुलगा गोंधळायचा. ती म्हणायची, "चोरी करू नकोस म्हणालास ना? मग रेमंडच्या वाडीतले चिकू कोणी खाल्ले?" पाठ झालं, आलं का. हे तिचं वाक्य आमच्या गावात चाळिशीच्या आतल्या सगळ्यांनी खाल्लेलं आहे.

अंबाड्यात पेन्सिल खोचायची. ती पेन्सिल शोधत घरभर फिरायची, मी बघत बसायचो. पिकलेलं केळं डोळे मिटून हुंगायची. डोळे उघडे असले की नाक आळशी होतं, म्हणायची. कोणाला खूश करायला हसायची नाही. फोटो काढताना तर अजिबात नाही. आमच्या लग्नाच्या फोटोत ती अशी दिसते की जणू मी काहीतरी फोडलंय.

तर ही बाई चौसष्टाव्या वर्षी शाळेत गेली. शाळा मोबाइलवरची. आमची मुलगी रिटा विरारला फ्लॅटमध्ये राहते. तिच्या ऑफिसात कोणीतरी सांगितलं की ऑनलाइन कोर्स कसा बनवायचा हे शिकवणारा एक कोर्स आहे, मराठीत आहे. रिटानं सहज सांगितलं, मम्मी, बघ, लोक आता काय काय शिकतात. फिलूनं पेन्सिल काढली आणि म्हणाली, नाव घाल माझं.

रिटाला वाटलं थट्टा. मलाही. मी विचारलं, कशाला?

ती म्हणाली, "माझ्यानंतर सुकेळी कोण करणार?"

 रिटाला वेळ नाही, नातवाला चव आवडत नाही. माझं नाव तिच्याही डोक्यात आलं नसेल, माझ्याही आलं नाही. बेचाळीस वर्षं मी विहिरीवर होतो.

फॉर्म भरताना व्यवसायाच्या रकान्यात रिटा गृहिणी लिहायला लागली. फिलूनं तिचा हात धरला. "सुकेळी करते, असं लिही." शिक्षणाच्या रकान्यात लिहायला लावलं, मॅट्रिक, इंग्रजीत नापास. रिटा म्हणाली, मम्मी, नापास लिहायची गरज नसते. ही म्हणाली, "त्यांना विद्यार्थी कसा आहे ते कळायला नको? मग शिकवणार कसे?"

पहिल्या वर्गाला ती सणाची साडी नेसून बसली. मोबाइल पोळपाटाला टेकवलेला. पडद्यावर चौकोनाचौकोनात माणसं, बहुतेक शाळा-कॉलेजांतली शिक्षक मंडळी, पुस्तकांच्या कपाटापुढं बसलेली. आमच्या मागं केळ्याचा घड टांगलेला. एका चौकोनातला तरुण प्राध्यापक जरा वेळानं म्हणाला, "मावशी, तुम्ही चुकून दुसऱ्या लिंकवर आलात का? चेक करा एकदा."

फिलू म्हणाली, "नाही बाळा, बरोबर आलेय. तूच जरा मागं सरक, तुझं नुसतं कपाळ दिसतंय."

त्या दिवशी वर्ग तिचा झाला. शिकवणाऱ्या अनघा मॅडम नागपूरकडच्या, वय रिटापेक्षा कमी. त्या हसल्या, पण नंतर हिच्याकडे बघून बोलायला लागल्या. मी खाटेवरून ऐकायचो. ऐकत नाही असं दाखवून ऐकायचो.

मॅडमचा पहिला नियम फिलूला फार लागला. धडा बनवायच्या आधी, धड्याच्या शेवटी विद्यार्थ्याला काय करता येईल ते लिहायचं. समजेल, कळेल, उमजेल, असले शब्द चालणार नाहीत. डोळ्यांनी दिसेल असं काहीतरी करता आलं पाहिजे. फिलू रात्रभर यावर विचार करत असावी, कारण सकाळी चहा देताना मला म्हणाली, "या चहाच्या शेवटी तुम्हाला कप विसळून पालथा घालता येईल."

मी घातला.

इथवर ठीक होतं. पण पुढच्या रविवारी मिस्सा झाल्यावर ती फादरना गाठून उभी राहिली. फादर तरुण, नवे आलेले, मोठं प्रवचन देणारे. फिलूनं अगदी नम्रपणे विचारलं, "फादर, आजच्या प्रवचनाच्या शेवटी आम्हांला काय करता येईल असं तुमच्या मनात होतं?"

फादर गोंधळले. म्हणाले, म्हणजे, देवाची दया समजावी.

"समजावी चालत नाही, फादर."

मी मागं उभा होतो, मला जमीन फाटावी असं वाटलं. बाकीच्या बायका साडीचा पदर तोंडाला लावून सटकल्या.  मग फादर म्हणाले, भांडण झालेल्या शेजाऱ्याकडे या आठवड्यात एकदा जाता येईल. फिलू म्हणाली, "हे आधी सांगितलं असतं तर अर्धा तास वाचला असता." पुढच्या रविवारपासून प्रवचन आखूड झालं. गावानं आभार मानले नाहीत, पण मनात मानले असणार.

कोर्समध्ये दर शनिवारी एक गृहपाठ असायचा. आठवड्यात काय शिकलो, कुठं चुकलो, ते आपल्या शब्दांत लिहून पाठवायचं. फिलू त्याला कुमसार म्हणायची. "चला, कुमसाराची वेळ झाली," म्हणून वही घेऊन ओटीवर बसायची. देवळातल्या कुमसारात पाप सांगितलं की फादर क्षमा करून मोकळं करतात. इथं मॅडम चूक वाचून आणखी प्रश्न विचारायच्या. फिलू म्हणायची, ही पद्धत बरी, स्वस्तात सुटका नाही. ती वही माझ्याकडे आहे. मला वाचायला वेळ लागतो, पण मी वाचतो. अक्षर मोठं आहे. पहिल्या पानावर लिहिलंय, "मला वाटत होतं मला शिकवता येतं. मला ओरडता येतं."

धडे बनवायला लागल्यावर तिला विद्यार्थी हवा झाला. मॅडमनी सांगितलं होतं, ज्याला काहीच येत नाही अशा माणसावर धडा आधी करून बघा. फिलूनं घरात नजर फिरवली. घरात मी होतो.

मी म्हटलं, तुझा बाप थडग्यात उठून बसेल.

ती म्हणाली, "बसू दे. त्यालाही कोणी विचारायला हवं होतं, पाणी भरलेलं असताना तू जावयाला विहिरीवर का पाठवतोस म्हणून. मी विचारलं नाही. घाबरत होते." मग जरा वेळानं म्हणाली, "बसा खाली. आजपासून विहीर बंद."

त्या दिवशी मी पहिल्यांदा राजेळी केळं सोललं. वयाची सत्तरी गाठायला आलो होतो.

धड्यानंतर मोबाइलवर प्रश्न यायचे. एक प्रश्न, चार उत्तरं, एकावर बोट ठेवायचं. पहिल्या धड्यात मी तीनदा चुकलो. तिसऱ्यांदा लाल अक्षरांत आलं, पुन्हा प्रयत्न करा. मी मोबाइल खाटेवर आपटला. म्हटलं, मला भिंतीकडे तोंड करायला सांग आणि मोकळी हो. हे सगळं शिकलेल्यांचं आहे.

ती उठली, मोबाइल उचलला, तो प्रश्न दोनदा वाचला. मला वाटलं आता ऐकवणार. ती म्हणाली, "चूक तुमची नाही. प्रश्न वाईट आहे. मी विचारलंय, केळं पिकल्याची खूण कोणती. तुम्ही खुणा बघून थोडंच शिकलात, तुम्ही हुंगून शिकलात. मी हुंगण्याबद्दल विचारलंच नाही." आणि पेन्सिल घेऊन बसली. संध्याकाळपर्यंत प्रश्न बदलला. वहीत त्या शनिवारी एकच ओळ आहे. "विद्यार्थी नापास झाला तर आधी धडा तपासायचा."

शाळा सोडल्यापासून साठ वर्षांत मला हे कोणी सांगितलं नव्हतं.  बाहेर जाऊन उगाच बावखलातलं शेवाळ काढत बसलो.

आता तिच्या चुकीचं सांगतो, कारण तिनं ते लपवलं नाही आणि मी लपवलं तर ती मला सोडणार नाही. पाच धडे तयार झाले. मॅडमनी तीन लांबच्या माणसांना बघायला दिले. त्यांतल्या एक बाई रत्नागिरीकडच्या, सुनंदाबाई, निवृत्त परिचारिका. त्यांच्या परसात राजेळीची केळ होती. त्यांनी एकेक धडा बघून जसंच्या तसं केलं. चार दिवसांनी फोटो पाठवला. केळी काळी पडलेली, ओली, मुंग्या लागलेल्या. खाली लिहिलं होतं, ताई, मी सगळं तुम्ही सांगितलंत तसंच केलं.

फिलू हसली. म्हणाली, बाईनं नक्की घाई केली. मग तिनं फोन लावला. सुनंदाबाईंनी दिवसागणिक सांगितलं. सोलली, मांडवावर पसरली, एक बोट जागा सोडली, दुपारी पालटली, संध्याकाळी देवाला दिवा लावला आणि झोपल्या.

"आणि केळी?" फिलूनं विचारलं.

"मांडवावर."

"रात्रभर?"

"तुम्ही उचलायला सांगितलं नव्हतंत, ताई."

सांगितलं नव्हतं. पाचही धड्यांत कुठंच नव्हतं. संध्याकाळी केळी उचलून टोपलीत गुंडाळून ठेवायची, दव पडायच्या आत, हे आमच्या गावात शेंबड्या पोराला ठाऊक असतं. ते सांगायचं असतं हेच तिच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही आलं नाही, आणि मी तर अडाणी विद्यार्थी म्हणून नेमलेला होतो. पण टोपल्या बेचाळीस वर्षं मीच उचलल्या होत्या. तेवढं मला येत होतं, म्हणून मी विचारलं नाही.

फिलू त्या रात्री जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं सुनंदाबाईंना पुन्हा फोन केला आणि माफी मागितली. माफी मागताना मी तिला आयुष्यात दोनदाच पाहिलं, हे एक. दुसरं सांगणार नाही. मग म्हणाली, "पाचही धडे पुसून टाकते."

रिटा फोनवर ओरडली, मम्मी, नुसता एक तुकडा जोड ना. मॅडमही म्हणाल्या, जोडून भागेल. हिनं ऐकलं नाही. "एक राहिलं म्हणजे आणखी राहिलं असणार. मला जे येतं ते मला दिसत नाही." तेव्हापासून तो नियम आला. विद्यार्थ्याचा हात जे जे करेल ते त्यानं तोंडानं बोलायचं. पानं झटकली तर झटकली म्हणायचं. कंबर दुखली म्हणून थांबलो तर तेही. सगळं नव्यानं, दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत. संध्याकाळचा एक धडा आणि सकाळचा एक धडा, हे दोन शेवटी ठेवले, कारण तेच चुकले होते.

या मधल्या काळात पास्कूदादा आला. फिलूच्या चुलत्याचा मुलगा, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, बोळिंजच्या रस्त्यावर त्याचं घर. तोही सुकेळी करायचा, पूर्वी. ओटीवर बसला, पाणी प्यायला, इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, ऐकतो ते खरं का?

फिलू म्हणाली खरं.

तो म्हणाला, काकानं आयुष्यभर जे घरात ठेवलं ते तू गावोगाव वाटतेस. उद्या कोणीही करील. मग नंदाखालची सुकेळी म्हणून काय राहील?

ती म्हणाली, "दादा, तुझ्या घरी यंदा मांडव घातलास?"

त्यानं गुडघा चोळला.

"गेल्या साली?"

"गुडघे चालत नाहीत."

"मुलं?"

"त्यांना कुठं वेळ."

"मग घरात काय ठेवलंयस, दादा? दाखव."

पास्कूदादा रागानं उठला. पायऱ्या उतरताना मला म्हणाला, "इनास, तू तरी अडव. बाहेरून आलेला माणूस तू, तुला ह्या घराची अब्रू कळायला हवी." सासऱ्याच्या हयातीत असतं तर मी गप्प बसलो असतो. त्या दिवशी मी म्हटलं, दादा, मी बाहेरून आलो, आणि या घरात सुकेळी करणारा दुसरा माणूस आता मीच आहे. तो निघून गेला.  त्या दुपारी माझ्या ताटात मासळीची मोठी तुकडी होती.

तिची छाती कधी कधी भरून यायची. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, धावपळ नको म्हणाले होते. ती म्हणायची, बसून तर करतेय. मी अडवायला हवं होतं असं आता काही लोक म्हणतात. रिटासुद्धा एकदा म्हणाली. तिला मी सांगितलं, तुझ्या आईला मी कधी कशातून अडवलं ते दाखव. अडवता आलं असतं तर बेचाळीस वर्षं टिकलो नसतो. ती जे करत होती ते शेवटच्या संध्याकाळपर्यंत करत राहिली, खाटेला खिळून छताकडे बघत गेली नाही. कोणाला त्यात माझी चूक दिसत असेल तर दिसू दे.

राखेच्या बुधवारानंतरचा दुसरा आठवडा होता. आकाश धुतल्यासारखं. शेवटचा घाणा म्हणून तिनं केळी फार निवडून घेतली होती. पहिल्या दिवशी सोलणं, दुसऱ्या दिवशी पालटणं, तिसऱ्या दिवशी संध्याकाळचा धडा. तो सुरुवातीला सांगितला तो. चौथ्या दिवशी सकाळचा.

ती झोपेतच गेली. सकाळी मी उठलो तेव्हा ती माझ्या आधी उठलेली नव्हती, एवढ्यावरूनच मला कळलं. हात लावून बघितला. मग मी तिचे केस मागं सारले आणि अंबाड्यात पेन्सिल होती ती काढून उशाशी ठेवली. रिटाला फोन लावला. ती विरारहून निघाली. शेजारच्या मोनिकाला हाक मारली, ती आली, मोठ्यानं रडली, मग तिनं फादरना कळवायला मुलाला पाठवलं. बायका जमायला लागल्या. कोणी गरम पाणी ठेवलं, कोणी कपाट उघडून तिची पांढरी साडी शोधायला लागलं. मला खुर्चीवर बसवलं. म्हणाले, इनासबाबा, तू आता काही करू नकोस.

मी बसलो. आणि ओटीवरची टोपली माझ्यासमोर होती, गोणपाटाखाली.

गुंडाळलेली केळी रात्रभर घाम सोडतात. सकाळी वारा-ऊन लागलं नाही तर दुपारपर्यंत आंबूस वास येतो. मग टाकून द्यावी लागतात. हे मला कोणी पाठ करायला लावलं नव्हतं. हे आलं होतं.

मी उठलो. टोपली उचलली, मांडवाकडे गेलो. मोबाइल तिच्या उशाखाली असायचा, तो आधीच माझ्या खिशात होता. बांबूला सुतळीनं बांधला, जसा तिनं दाखवला तसा, तिरका, म्हणजे हात दिसतील आणि तोंड दिसणार नाही. लाल टिंबावर बोट ठेवलं. चालू मी करायचा.

"मी इनास," मी म्हटलं. "विद्यार्थी. सकाळचा धडा. मी गोणपाट काढतोय. वरची पानं उचलतोय. पानं ओली आहेत, ती बाजूला ठेवतोय, फेकत नाही, उन्हात वाळली की संध्याकाळी परत लागतात."

पास्कूदादा तेवढ्यात काठी टेकत आला. मांडवाखाली उभा राहिला. मागं दोघं-तिघं गावातले.

"इनास," तो म्हणाला, "घरात मयत आहे आणि तू केळी पसरतोस? लोक काय म्हणतील?"

मी हात थांबवला नाही. म्हटलं, "मी केळं हातात घेतोय, ओढत नाही, कडेनं सोडवतोय. पास्कूदादा आलाय. तो विचारतोय लोक काय म्हणतील. ते धड्यात येत नाही."

 त्यानं काठी मांडवाला टेकवली, वाकला, आणि टोपलीतून एक केळं काढून माझ्या हातात दिलं. नीट दिलं, कडेनं सोडवून. त्याला येत होतंच. मी ते ठेवलं. त्यानं दुसरं दिलं.

"दोन केळ्यांत एक बोट जागा," मी बोलत राहिलो. "वारा फिरायला. मी बोट ठेवून बघतोय. माझं बोट जाड आहे, तुमचं बारीक असेल तर जरा जास्त सोडा."

ऊन मांडवावर आलं तेव्हा देवळाची घंटा वाजायला लागली, मयताची, थांबून थांबून. रिटाची रिक्षा फाटकाशी आली. टोपली रिकामी झाली. मी शेवटचं केळं ठेवलं, त्याच्या शेजारी बोट ठेवून बघितलं, आणि घराकडे गेलो.

मोबाइल मागं बांबूवर तसाच बघत राहिला. तो बंद करायचं काम तिचं होतं. मी केलं नाही.